दुपटे की स्लीपिंग बॅग? कोल्हापूरच्या हवेत तान्ह्या बाळाला रात्री झोपवताना

माझी थोरली मुलगी ऐन एप्रिलमध्ये झाली आणि धाकटा मुलगा नोव्हेंबरच्या अखेरीस. दोघांचाही जन्म कोल्हापुरातच. थोरलीच्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मी तिला झबले, टोपडे, त्यावर घट्ट दुपटे आणि वरून पातळ पांघरूण अशा थाटात झोपवत होते, आणि आठव्या दिवशी तिच्या मानेच्या वळ्यांत, काखेत आणि पाठीवर घामोळ्यांची लालभडक पुरळ उठली. धाकट्याच्या बारशाला दोन स्लीपिंग बॅग भेट आल्या, त्या दोन्ही दिसायला देखण्या होत्या, पण त्यांतली एकही बाळाला रात्री झोपवण्याच्या कामाची नव्हती. या दोन बाळंतपणांत जे चुकले, बालरोगतज्ज्ञांना विचारून जे सुधारले आणि मग वाचून जे पक्के केले, ते पहिल्यांदाच आईबाबा होणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे.

दुपटे घ्यावे की बॅग, हा प्रश्न मला बहुतेक जण विचारतात. माझ्या मते त्याच्या आधी दुसराच एक प्रश्न विचारला पाहिजे: आज रात्री, या खोलीत, बाळाला अंगावरच्या कपड्यांखेरीज आणखी काही हवे आहे का? आपल्याकडे वर्षातले काही महिने या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘नाही’ असे असते.

आधी खोली पाहावी

भिंतीवर लावायचा एक साधा थर्मामीटर आणावा आणि तो बाळ झोपते तिथून हातभर अंतरावर, बाळाच्याच उंचीवर ठेवावा. खिडकीच्या उन्हात किंवा फ्रीजजवळ ठेवू नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्यामुळे उन्हाळ्यातही बाहेरची रात्र बऱ्यापैकी निवते, परंतु घराचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि तो रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता पारा ३० वर असे, तर त्याच आठवड्यात माझ्या माहेरच्या कौलारू घरात तो २६ वर होता. म्हणजे शेजारणीच्या बाळाने काय पांघरले आहे, यावरून आपल्या बाळाचे ठरवता येत नाही. आपल्या खोलीतला आकडाच पाहावा लागतो.

खोली २७ अंशांच्या वर असेल तर सुती झबले आणि लंगोट, किंवा फारच उकडत असेल तर नुसता लंगोट पुरेसा आहे. तिथे दुपटेही नको आणि बॅगही नको. २४ ते २७ अंशांच्या दरम्यान पातळ झबल्यावर मलमलीचे एकेरी दुपटे, किंवा ०.५ टॉगची बॅग चालते (टॉग म्हणजे बॅगेच्या उबेचे माप). २० ते २४ अंशांत पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि १ टॉगची बॅग योग्य ठरते. २० अंशांच्या खाली गेल्यावर २.५ टॉगच्या जाड बॅगेचा विचार करायचा, आणि शहरातल्या बंद खोलीत अशा रात्री डिसेंबर-जानेवारीतही मोजक्याच येतात. पन्हाळ्याच्या बाजूला किंवा शेतातल्या मोकळ्या घरात त्या अधिक येऊ शकतात. पावसाळा मात्र फसवा असतो. जुलैत बाहेर संततधार लागलेली असते, आपल्याला अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि म्हणून बाळाला लोकरीत गुंडाळले जाते. पण दारे-खिडक्या लावलेल्या दमट खोलीत पारा २५-२६ असतो आणि घाम वाळत नाही.

टॉग हा शब्द बॅगेच्या चिठ्ठीवर दिसतो. कापड उष्णता किती अडवून धरते, त्याचे ते माप आहे; आकडा जितका मोठा तितकी बॅग उबदार. ज्या मँचेस्टरचे नाव आपण इचलकरंजीला कौतुकाने देतो, त्याच मँचेस्टरमधल्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये १९४० च्या दशकात हे माप ठरवले गेले. ज्या बॅगेवर टॉगचा आकडाच नाही, तिची ऊब आपल्याला अंदाजाने ठरवावी लागते, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत असा अंदाज मी करू देणार नाही.

दोन्ही वस्तूंचे काम वेगळे आहे

जन्मानंतर पहिले काही महिने बाळ झोपेत मधूनच दचकते, दोन्ही हात बाजूला फेकते, मग कवेत घेतल्यासारखे ते जवळ आणते आणि पुष्कळदा त्यानेच जागे होऊन रडू लागते. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाच्या नावाने ही प्रतिक्षिप्त क्रिया ओळखली जाते. ती निरोगी बाळात असतेच आणि साधारण चार ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. दुपट्यात हात जवळ राहिल्यामुळे हे दचकणे बाळाला जागे करत नाही. दुपट्याचा उपयोग तेवढाच आहे: ते बाळाला शांत करते. अंग भरावे, हाडे बळकट व्हावीत किंवा पाय सरळ व्हावेत म्हणून दुपटे बांधतात, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. त्यांतले काहीही दुपट्याने होत नाही.

स्लीपिंग बॅग म्हणजे बाळाने अंगात घालायचे पांघरूण. हात बाहेर मोकळे असतात, पाय आत हवे तसे हलवता येतात, आणि लाथा मारल्या तरी हे पांघरूण निघून जात नाही किंवा सरकून तोंडावरही येत नाही. तेव्हा दुपटे बाळाला निजवते आणि बॅग निजलेल्या बाळाला ऊब देते. एक अगदी लहान वयासाठी आहे, दुसरे पुढच्या वयासाठी. दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत; गुंडाळलेल्या बाळाला बॅगेत घालणे म्हणजे त्याला विनाकारण तापवणे आहे.

झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूपासून दुपटे संरक्षण देते, असा कोणताही पुरावा नाही, हे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे. उलट गुंडाळलेले बाळ पालथे झाले तर त्याला हात टेकून मान वळवता येत नाही, आणि तो धोका फार मोठा असतो. म्हणून पुढचे सर्व काही एका अटीवर अवलंबून आहे.

ती अट: पाठीवर, टणक गादीवर, रिकाम्या जागेत

बाळ दुपट्यात असो, बॅगेत असो वा नुसत्या झबल्यात, दिवसाच्या आणि रात्रीच्या प्रत्येक झोपेला ते पाठीवरच निजले पाहिजे. उताणे झोपवल्यास दूध वर येऊन श्वासात अडकेल, ही भीती माझ्या सासूबाईंना होती आणि मलाही ती खरी वाटत होती. बालरोगतज्ज्ञांनी आम्हा दोघींना कागदावर चित्र काढून समजावले: बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, त्यामुळे वर आलेले दूध खालीच राहते आणि बाळ ते गिळते किंवा बाहेर टाकते, पालथे झोपवल्यावर मात्र हा क्रम उलटा होतो. त्या दिवसापासून सासूबाई स्वतः बाळाला उताणे करू लागल्या. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि मगच निजवावे, हे त्यांचे म्हणणे अर्थातच योग्य होते.

गादी टणक आणि सपाट असावी, तिच्यावर ताणून बसवलेली एकच चादर असावी. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी, बाळ पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लावलेल्या उशा, पायाशी गुंडाळून ठेवलेली वाकळ, मऊ खेळणी, यांपैकी काहीही झोपेच्या जागेत नको. वाकळ ही आपल्याकडची मोठ्या मायेची वस्तू आहे आणि बाळ जागे असताना जमिनीवर अंथरून त्याला खेळवायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. पण झोपलेल्या बाळाच्या अंगावर घालायला ती फार जड आहे. लुगड्याच्या झोळीत बाळाची मान छातीकडे वाकते, म्हणून गुंडाळलेले बाळ झोळीत ठेवून आपण दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

बाळाची जागा आईच्या खोलीतच, पण वेगळ्या पृष्ठभागावर असणे सर्वांत सुरक्षित आहे आणि निदान पहिले सहा महिने ती तशी ठेवावी. आपल्या बहुतेक घरांत बाळ आईच्या कुशीतच झोपते, हे मला ठाऊक आहे. तसे असेल तर त्या रात्री बाळाला दुपट्यात अजिबात गुंडाळू नये, कारण आईच्या अंगाची ऊब, तिचे पांघरूण आणि वर दुपटे, अशी तिहेरी उष्णता होते; शिवाय आईचे पांघरूण तोंडावर आले तर ते ढकलायला बाळाचे हात मोकळे नसतात.

कापड कोणते घ्यावे

दुपट्यासाठी मलमल किंवा तितकेच पातळ, सैल विणीचे शुद्ध सुती कापड घ्यावे. तयार दुपटी मिळतातच, पण महाद्वार रोडच्या कापड दुकानांतून मलमल मीटरवर घेणे मला सोयीचे वाटले. कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच, म्हणजे जवळजवळ ११२ सेंटिमीटर असतो. सव्वा मीटर घेतले की आटून, कडा दुमडूनही पुरेसा मोठा चौरस मिळतो. त्याहून लहान कापड मागे नीट खोचता येत नाही, ते सुटते, आणि सुटलेले दुपटे घट्ट दुपट्याइतकेच वाईट. सहा दुपटी असावीत. पावसाळ्यातले बाळंतपण असेल तर आठ.

नव्या कापडाला खळ असते. ते हातात कडक लागते आणि अंगावर टोचते, म्हणून वापरण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, मग सौम्य साबणाने दोन-तीनदा धुऊन, साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत खंगाळावे. कडा शिवताना दुहेरी दुमड घालावी आणि आतल्या बाजूला लोंबणारा एकही धागा ठेवू नये. बाळाच्या पायाच्या बोटाला असा सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस गुंडाळला जातो, बोट सुजते आणि बाळ का रडते आहे ते कळत नाही. आमच्याकडे थोरलीच्या करंगळीला असा एक धागा वेळीच दिसला. तेव्हापासून दुपटे सोडताना पायाची दहाही बोटे पाहण्याची सवय मी स्वतःला लावली. पावसाळ्यात दुपटे वाळल्यासारखे वाटले तरी इस्त्री फिरवावी, कारण शिवणीत ओल राहतेच.

फ्लीस, मखमल, लोकर आणि पॉलिस्टरमिश्रित कापड या कामाला घेऊ नये. आत मणी किंवा दाणे भरून वजनदार केलेली दुपटी आणि बॅगही बाजारात आल्या आहेत. बाळाच्या छातीवर वजन ठेवणे धोक्याचे आहे, म्हणून त्या कोणी भेट दिल्या तरी वापरू नयेत.

गुंडाळण्याची रीत

पलंगाच्या मधोमध, किंवा सरळ जमिनीवरच्या गादीवर, दुपटे चौकटच्या आकारात अंथरावे, म्हणजे एक टोक वर, एक खाली आणि दोन बाजूंना येतील. वरचे टोक वीतभर आत दुमडावे. या दुमडीची सरळ रेघ बाळाच्या खांद्यांना लागून असली पाहिजे. बाळाची मान आणि डोके पूर्णपणे कापडाच्या बाहेर हवे. बहुतेक चुका इथेच होतात. धाकट्याच्या दहाव्या-बाराव्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली तेव्हा दुपट्याची कड सरकत त्याच्या खालच्या ओठापर्यंत पोचली होती आणि ते त्या कडेला स्तन समजून चोखू पाहत होते. मी झोपेच्या भरात दुमड कानाजवळ घेतली होती आणि टोक पाठीखाली नीट खोचले नव्हते. काही बिघडले नाही, पण ती कड आणखी बोटभर वर गेली असती तर नाकावर आली असती.

बाळ उताणे ठेवल्यावर त्याचा उजवा हात कोपरात वाकवून छातीवर ठेवावा. हात ओढून अंगाला सरळ लावण्याची गरज नाही. नवजात बाळाचा हात नैसर्गिकपणे वाकलेलाच असतो. त्या बाजूचे टोक छातीवरून आडवे आणून दुसऱ्या काखेच्या खालून पाठीमागे न्यावे आणि तिथे हाताने सपाट करावे, म्हणजे बाळाचे स्वतःचे वजनच ते धरून ठेवते. त्यानंतर खालचे टोक सैलपणे वर आणून पोटाशी ठेवावे. पायांभोवती पिशवीसारखी मोकळी जागा राहिली पाहिजे. शेवटी डावा हात तसाच छातीवर ठेवून उरलेले टोक आडवे आणून पाठीमागे खोचावे. वरून नाडी, पट्टी किंवा सेफ्टी पिन लावू नये. नाडीशिवाय दुपटे सुटत असेल तर कापड लहान आहे, किंवा आता बाळाला गुंडाळून घ्यायचे नाही, असे समजावे.

आता दोन तपासण्या कराव्यात. छाती आणि दुपटे यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. शिरत नसतील तर बाळाला खोल श्वास घेता येत नाही, आणि चार बोटे शिरत असतील तर ते तासाभरात सुटणार आहे. कमरेखाली मात्र अख्खा तळहात आत जाऊन फिरला पाहिजे.

पायांविषयी थोडे सविस्तर

पाय सरळ करून, गुडघे जुळवून, घोट्यांपर्यंत घट्ट बांधण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे, आणि मालिश करणाऱ्या मावशी न्हाऊ घातल्यावर तसेच बांधून देतात. त्यामागे त्यांची माया असते, परंतु या एका बाबतीत त्यांचे ऐकू नये. बाळ पोटात नऊ महिने पाय पोटाशी घेऊन, गुडघे फाकवून असते. जन्मानंतरही त्याच्या खुब्याची वाटी बरीचशी कूर्चेची, मऊ असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसलेला राहिला तरच ती खोल व गोल घडते. पाय जबरदस्तीने सरळ आणि जवळ बांधले की तो गोळा वाटीच्या काठाकडे सरकतो. जपानमध्ये १९७५ पासून पाय सरळ बांधून ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध देशभर मोहीम झाली आणि त्यानंतर तिथल्या बाळांतले खुबा निखळण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले; केवळ बांधण्याची रीत बदलून हे साधले.

आपल्याकडे बाळ थोडे मोठे झाल्यावर आपण त्याला कडेवर घेतो, तेव्हा त्याच्या मांड्या आपल्या कमरेला दोन्ही बाजूंनी धरून असतात. खुब्याला हीच स्थिती मानवते, आणि दुपट्याच्या आतही पायांना तशीच मोकळीक हवी. बाळ पायाळू असेल, किंवा आईबाबा-भावंडांपैकी कोणाला लहानपणी खुब्याचा त्रास झालेला असेल, तर दुपट्याविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे आणि साधारण सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी करावी का, ते विचारावे. मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा अधिक आढळतो. खुब्यासाठी पट्टे लावलेल्या बाळाला दुपट्यात गुंडाळायचेच नसते.

वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाविषयी या लेखावरून काही ठरवू नये. त्याला सर्वांत चांगली ऊब आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून मिळते, आणि किती वेळ व कसे धरायचे ते रुग्णालयातच शिकून घ्यावे.

ऊब बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे

पहिल्या काही आठवड्यांत हाताच्या उलट्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय दोन्ही पाहावेत. दोन्ही कोमट असतील तर सर्व ठीक आहे. पोट कोमट आणि तळपाय गार असतील तर बाळाला गारठा लागू लागला आहे, त्याला छातीशी घ्यावे; दोन्ही गार असतील तर ऊब देत देतच डॉक्टरांकडे न्यावे. घरी येणाऱ्या आशाताई हेच करून दाखवतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर शासकीय कार्यक्रमानुसार त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांच्यासमोर एकदा दुपटे गुंडाळून दाखवावे आणि चुकते आहे का ते विचारावे.

बाळ महिन्या-दोन महिन्यांचे होऊन वजन धरू लागले, की नुसते हात-पाय थोडे गार लागणे हे पांघरूण वाढवण्याचे कारण राहत नाही. तेव्हा मानेच्या मागे, झबल्याच्या आत दोन बोटे घालून पाहावे. तिथे घाम असेल, केस ओले असतील, गाल लाल दिसत असतील किंवा श्वास भराभर चालला असेल, तर एक थर लगेच काढावा. बाळ डोक्यावाटे पुष्कळ उष्णता बाहेर टाकते, म्हणून जन्मानंतरचे पहिले काही तास सोडले तर घरात झोपताना टोपडे काढून ठेवावे. बाहेर नेताना ते जरूर घालावे.

दीड महिन्याच्या लसीनंतर ताप येण्याची शक्यता असते आणि मांडी दुखत असते. त्या रात्री दुपटे आणि बॅग दोन्ही बाजूला ठेवून बाळाला हलक्या झबल्यात निजवावे. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

आणखी एक गोष्ट भुकेची आहे. बाळ भूक लागल्यावर रडण्याआधी मूठ तोंडाशी नेते, आणि हात दुपट्यात असले तर ती खूण आपल्याला दिसत नाही. पहिल्या आठवड्यांत चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पाजायचे असते. गुंडाळलेले बाळ शांत पडून आहे म्हणून पाजणे लांबवू नये, आणि पाजताना दुपटे सोडून हात मोकळे करावेत.

दुपटे कधी बंद करावे

बाळाने कुशीवर होण्याचा पहिला प्रयत्न केला, की त्याच दिवशी. पूर्ण पालथे होण्याची वाट पाहू नये. बहुतेक बाळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असा प्रयत्न करतात, पण काही दोन महिन्यांतच करतात; म्हणून कॅलेंडर पाहू नये, बाळाकडे पाहावे. दुपार-संध्याकाळी जागे असताना त्याला वाकळीवर मोकळे ठेवले की कंबर वळवणे, एक खांदा उचलणे या हालचाली आपल्याला आधी दिसतात.

एकदम दुपटे काढल्यावर काही बाळे दोन-तीन रात्री वारंवार उठतात. वळण्याची खूण अजून दिसलेली नसेल आणि तीन महिने जवळ आले असतील, तर आधी तीन-चार रात्री एक हात बाहेर ठेवून गुंडाळावे, मग दोन्ही हात बाहेर ठेवावेत, आणि मग बॅग. वळणे सुरू झालेले असेल तर मात्र हा हळूहळू बदल करायला वेळ नाही. त्याच रात्री दोन्ही हात मोकळे करावेत. आमच्या थोरलीला तीन रात्री त्रास झाला, चौथ्या रात्री ती स्वतःची मूठ चोखत झोपली.

बॅग घेताना दुकानात काय पाहावे

दुकानांत ‘बेबी स्लीपिंग बॅग’ म्हणून पुष्कळदा जे दाखवतात ती मखमलीची किंवा फ्लीसची, आत उशी शिवलेली, डोक्यावर टोपीसारखे पाखर असलेली पिशवी असते. आमच्या बारशाला आलेल्या दोन्ही तसल्याच होत्या. बाळाला दवाखान्यातून घरी आणताना किंवा पाहुण्यांच्या हातात देताना, आपली नजर बाळावर असेपर्यंत तिचा उपयोग होतो. रात्रीच्या झोपेसाठी ती नाही, कारण ते पाखर आणि उशी दोन्ही तोंडाजवळ येतात आणि फ्लीसमध्ये घाम कोंडतो. खरी झोपेची बॅग बिनबाह्यांच्या लांब अंगरख्यासारखी दिसते: गळा, दोन बाह्यांची भोके, आणि खाली बंद असलेला रुंद घेर. दुकानदाराला नावाने न मागता असे वर्णन करून मागावे.

बॅग हातात घेतल्यावर पहिल्यांदा गळा पाहावा. चेन पूर्ण लावल्यावर बाळाची मान आणि कड यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतकीच जागा हवी. बाळाचे डोके गळ्यातून आत सरकणार असेल तर ती बॅग मोठी आहे. बाह्यांच्या भोकांतून हात आत जाता कामा नये. ‘पुढे वापरता येईल’ म्हणून एक माप मोठी घेण्याची आपली सवय झबल्या-फ्रॉकच्या बाबतीत चांगली आहे, बॅगेच्या बाबतीत धोक्याची आहे. चिठ्ठीवर वय आणि वजन दोन्ही असतात. त्यांत वजन मानावे. कंपनीने लिहिलेल्या किमान वजनाखालच्या बाळाला ती बॅग घालू नये. लांबीसाठी बाळाची खांद्यापासून टाचेपर्यंतची लांबी घेऊन तिच्यात साधारण १० सेंटिमीटर मिळवावेत, म्हणजे पाय हलवायला जागा राहते. घेर खाली रुंद असावा, निमुळता नसावा. खुब्याविषयी वर जे लिहिले ते इथेही लागू आहे.

चेन खालून उघडणारी असेल तर रात्री लंगोट बदलताना छाती उघडी पडत नाही. ही सोय किमतीचे दोन पैसे जास्त देऊन घेण्यासारखी आहे. हनुवटीशी चेनीचे टोक झाकणारी कापडी पट्टी हवी. नाडी, लोंबती फुले, सैल बटणे, टोपी नको. युरोपीय मानक ईएन १६७८१ किंवा त्याआधीचे ब्रिटिश मानक बीएस ८५१० चिठ्ठीवर असेल, तर गळ्याची आणि बटणांची तपासणी झालेली आहे असे समजता येते.

कोल्हापुरातल्या बाळाला ०.५ टॉगच्या दोन आणि १ टॉगच्या एक किंवा दोन बॅग पुरतात. २.५ टॉगची बॅग आधीपासून विकत घेऊन ठेवू नये. डिसेंबरात खोलीतला पारा पाहून, खरीच गरज दिसली तर घ्यावी. बाळ उन्हाळ्याच्या तोंडावर दुपट्यातून बाहेर पडणार असेल, तर जूनपर्यंत बॅग न घेता नुसत्या झबल्यावरच निभावते, आणि तेच त्याच्यासाठी चांगले.

बॅग घातल्यावर वरून पांघरूण नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण रात्री उठून उघड्या दिसणाऱ्या बाळावर शाल टाकणे हे आजीच्या हातून आपोआप होते. मी एका कागदावर ‘२४ च्या वर पातळ बॅग, २७ च्या वर काही नाही, वरून पांघरूण कधीच नाही’ असे ठळक लिहून तो थर्मामीटरच्या खाली चिकटवला होता. माझी सासू आणि माझी आई, दोघींनीही तो मनावर घेतला. आकडा समोर दिसत असला की वाद होत नाही.

बाळ धरून उभे राहू लागले, की बॅगेत पाय अडकून पडण्याची शक्यता असते. मग पाय बाहेर काढता येणारी बॅग घ्यावी किंवा रात्री पायजमा-झबल्यावर यावे. लहान झालेली बॅग दुसऱ्या बाळाला देण्यापूर्वी चेन वर-खाली करून पाहावी, बटणे ओढून पाहावीत आणि गळा सैल झालेला असेल तर ती पुढे देऊ नये. दुपटी मात्र धुऊन धुऊन अधिक मऊ होतात; धाकट्याची चार दुपटी फाडून त्यांचीच मी पुढे लाळेरी शिवली.